हात न लावता उभी राहणारी डिक्की

…अन् वरून लोक मलाच विचारतेत, "वहिनी, हौसंखातर घेतली व्हय अँबॅसिडर?" हौस! अवं, हौस असती तर तिला रंग दिला असता, शिटाला कव्हर टाकलं असतं, आत गाणे लावले असते! आमच्या अंगणात ती पांढरी गाडी सहा वर्षांपासून उभी हाय… पांढरी म्हणायची आपली सवय म्हणून, नसता तिचा रंग आता चहात बुडवलेल्या टोस्टावाणी झालाय, आरसा एकच हाय, हॉर्न हाय पण तो त्याच्या मनाला वाटंल तवाच वाजतो… अन् आमचे हे, सिद्धोधनराव, त्या गाडीच्या पुढच्या अंगाला कदी जाऊन उभे राहिले न्हाईत! तुमाला सांगते, दुनिया गाडी पुढून बघती. आमचा माणूस मागून! बॉनेटमंदी इंजिन हाय का कोंबडी अंड्यावर बसलीय, काही देणंघेणं न्हाई. निस्ती डिक्की! सकाळी उठले की डिक्की, चहा झाला की डिक्की, जेवताना घास हातात अन् डोळे डिक्कीकडं, अन् तोंडात एकच, "हात न लावता उभी राहिली पाहिजे!"

मी अंगणवाडीत बाई हाय. चाळीस लेकरं सांभाळते मी, चाळीस! त्यातलं एक चावतं. पण त्या चाळिसांनी मिळून मला जेवढं बेजार केलं न्हाई तेवढं ह्या एका डिक्कीनं केलंय. आता तुमी म्हणाल, बाई, डिक्कीत एवढं काय हाय? ऐका मंग. बसा नीट, ते पाय वर घ्या.

ह्यायनी एका सरकारी हापिसात शिपायाची नोकरी केली. कोणतं हापिस ते मी सांगणार न्हाई, पेन्शन चालू हाय. त्या हापिसाला ही गाडी होती. साहेब बदलायचे, गाडी तीच. अन् हे नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्याच वर्षी डिक्कीच्या दोन्ही स्प्रिंगा तुटल्या. स्प्रिंगा म्हणजे त्या हो, बिजागरीपाशी असतेत, ह्या बाजूला एक, त्या बाजूला एक, डिक्कीचं झाकण वर केलं की त्याला वर धरून ठेवतेत. तुटल्या तर नव्या आणाव्या का न्हाई? तुमीच सांगा! न्हाई, अर्ज गेला, अर्जावर शेरा आला, शेऱ्यावर खुलासा मागितला, खुलाशाची फाईल कुठं गेली कुणाला मालूम न्हाई, अन् तंवर साहेब म्हणले, "सिद्धोधन, धर रे जरा!" झालं! ते 'जरा' सव्वीस वर्षं चाललं!

सव्वीस वर्षं, तुमाला सांगते, हा माणूस त्या डिक्कीची स्प्रिंग होता. साहेब दौऱ्यावर निघाले की हे मागं उभे. उजवा हात वर, वर झाकण, अन् खाली सामान भरणं चालू. येलदरीच्या धरणाहून मासे यायचे ओल्या पोत्यात, टरबुजं यायची, गव्हाचे कट्टे यायचे, सगळं ह्यायच्या कोपराखालून आत. अन् साहेबीणबाई? "अय्या, ती पिशवी आधी नको, आधी ती कुंडी ठेवा… नको, कुंडी काढा, आधी बिछाना… सिद्धोधन, नीट धर हं, माझी साडी नवीन आहे!" बाई, तुझी साडी नवीन हाय, पण त्याचा खांदा तरी जुना हाय का? एक साहेब तर अर्धं सामान भरलं अन् फोनवर बोलायला गेले, तिकडं सोयरिकीचं चाललं होतं, मुलगी गोरी का सावळी, शिकली किती… अर्धा घंटा! इकडं ह्यायच्या नाकावर माशी. दुसरा हात मोकळा होता का? न्हाई! दुसऱ्या हातात साहेबाची छत्री!

माझं लग्न झालं तवा मी बघितलं, हा माणूस झोपेत उजवा हात वर करतो. मला वाटलं, असंल बाबा, कुणी हजेरी घेत असंल सपनात. शिंपी मापं घ्यायचा अन् म्हणायचा, "सिद्धोधनराव, ह्या खांद्याला एक बोट कापड ज्यादा लागतंय." तरी माणूस कदी चकार शब्द बोलला न्हाई. पण आमची संघप्रिया, आमची एकुलती एक लेक, आठ वर्षांची असताना डबा घेऊन हापिसात गेली अन् बघते तर बाप उन्हात हात वर करून उभा. ती म्हणली, "पप्पा, तुमाला कुणी शिक्षा केली?" शाळेत तसंच करतेत ना, अंगठे धर न्हाईतर हात वर कर! हे म्हणले, "न्हाई गं बाळा, व्यायाम करायलोय." पोरगी हसली. घरी येऊन हे जेवले न्हाईत. मी तवा पहिल्यांदा ऐकलं… भिंतीकडं तोंड करून हळूच म्हणले, "हात न लावता उभी राहिली पाहिजे राव."

मंग काय! हे निवृत्त झाले अन् त्याच वर्षी गाडी बी निवृत्त झाली. गाडीचा लिलाव निघाला, अन् आमचे हे… गाडीला टॅक्टरनं ओढत घरी घेऊन आले! माझ्या सासूबाई, चांगुणाबाई, वय पंच्याऐंशी, दात न्हाईत पण जीभ कुणाचं ऐकत न्हाई, त्या दारात उभ्या राहून बघायल्या. "सिद्या, ह्या सटवीनं तुझा खांदा खाल्ला अन् तिलाच घरी आणलास व्हय रे?" हे म्हणले, "माय, तिला नीट करायचीय." अन् नीट करायचीय नीट करायचीय म्हणता म्हणता सहा वर्षं गेली, सासूबाई तिच्यावर वाळवण घालायल्या, मी तिच्यावर गोधड्या टाकायले. मला वाटलं, चला, निदान एक ओटा झाला.

पण ह्या फेब्रुवारीत संघप्रियाची ऑर्डर आली! कनिष्ठ अभियंता! येलदरीला! साहेब झाली हो माझी लेक, शिपायाची लेक साहेब झाली! आमच्या गल्लीत जयभीमच्या घोषात पेढे वाटले, सासूबाईनी बिगर दाताच्या तोंडानं चार पेढे खाल्ले, मी रडले, शेजारी रडले, ज्याला आमचं नाव मालूम न्हाई ते बी रडले. सगळे रडायलेत अन् आमचे हे कुठं? मागं! डिक्कीपाशी! तिथून म्हणले, "पोरगी हजर व्हायला ह्याच गाडीत जाईल. तिथं तिचं सामान निघंल. अन् तिच्या सामानासाठी कुणा शिपायानं डिक्की धरायची न्हाई. मी न्हाई, तिथला न्हाई, कुणीच न्हाई. हात न लावता उभी राहिली पाहिजे!"

हजर व्हायला राहिले होते दहा दिवस.

इंजिन दोन दिवसात चालू झालं. सहा वर्षं बंद असलेलं इंजिन, मेकॅनिकनं तीनदा शिव्या दिल्या, चौथ्यांदा ते चालू! गल्लीतले लोक टाळ्या वाजवायलेत अन् हे म्हणतेत, "ते ठीक हाय, पण डिक्कीचं?" मेकॅनिकचं तोंड एवढंसं झालं. म्हणला, "काका, डिक्कीला काय, एक काठी लावायची टेकू म्हणून!" बास. ह्यायनी त्याला घरात चहा बी पाजला न्हाई.

कारण काठी म्हणणाराचं मंग काही खरं नव्हतं. अन् परभणीत ज्याला बघावं त्याला काठीच सुचायची! पोस्टमन आला, काठी. दूधवाला आला, काठी, म्हणला बाभळीची लावा, मजबूत राहती. माझा सख्खा भाऊ फोनवर म्हणला, काठी. हे म्हणायचे, "काठी म्हणजे हातच की! ती धरून उभीच राहायलीय ना? कुणाला तरी उभंच करायलाव ना तुमी?" आता काठी न म्हणणारा माणूस मी तरी कुठून आणू? संघप्रियानं ऑनलाइन काहीतरी मागवलं, नळकांड्यावाणी, म्हणली पप्पा, नव्या गाड्यांना हेच असतंय, आपोआप वर धरतंय. डबा फोडला तर ते बोटभर! स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराचं निघालं! अँबॅसिडरच्या डिक्कीला ते लावणं म्हणजे म्हशीला लेकराचं टोपडं घालणं. अन् कंपनीची गोष्ट म्हणावी तर ही गाडी बनायची बंद होऊन जमाना झाला. मोंढ्याकडच्या, धान्यबाजाराकडच्या भंगारात हे दोन दिवस फिरले, तिथं एका कोपऱ्यात स्कूटरच्या शिटाच्या स्प्रिंगा मिळाल्या, त्या घेऊन आले, तार बांधून बसवल्या, अन् डिक्की वर केली.

उभी राहिली! अवं खरंच उभी राहिली! आमचे शेजारी आबासाहेब, वीस एकराचे धनी, रोज पेपर वाचायला आमच्याकडं येतेत कारण त्यायच्या घरी पेपर येतो तो त्यायचे भाऊ आधी घेतेत… ते म्हणले, "बघू बघू सिद्धोधनराव, काय करामत केली," अन् मुंडकं घातलं डिक्कीत. डिक्कीनं थोडा विचार केला. अन् मंग धाप! पटका होता म्हणून वाचले! आतून आवाज आला, "काठी लावा होऽऽ!" ह्यायनी बाहेर काढलं त्यायला, पण अबोला धरला. डिक्कीत मुंडकं घातलं म्हणून न्हाई, काठी म्हणले म्हणून!

पाच दिवस राहिले. ह्यायला जेवण जाईना. मी म्हणलं, "अवो, आपण टॅक्सी करू, पोरगी हजर झाली पाहिजे, डिक्की न्हाई." हे उठून डिक्कीपाशी जाऊन उभे राहिले. मी म्हणलं, "सामान मागच्या शिटावर ठेवू." माझ्याकडं असं बघितलं का काय सांगू, म्हणजे मी त्यायच्या मायबापाला शिव्या दिल्या जशा. माझंच काळीज तुटलं. मी म्हणलं, "चला, पेडगावच्या सितारामला दाखवू."

सिताराम म्हणजे वेल्डिंगवाला. मोगडे, तिफणी, वखर, शेतीची सगळी अवजारं, टॅक्टरच्या ट्रॉल्या, लोखंडाचं काही बी आणा, सिताराम जोडतो. आजूबाजूच्या गावातल्या प्रत्येक रानात ह्या माणसाचं लोखंड फिरायलंय. काळा चष्मा कपाळावर, कमरंला टॉवेल, अन् तोंडात एकच, "टेन्शनच घेऊ नका दादा." गाडी आणली म्हणल्यावर बॉनेट उघडायला गेला, हे म्हणले, "तिकडं न्हाई, इकडं." सितारामनं डिक्की हलवून बघितली, कान लावला, अन् खरं सांगते, त्यानं काठीचं नाव काढलं न्हाई. ह्यायचा चेहरा असा खुलला! सिताराम म्हणला, "दादा, तुमची स्प्रिंग गेली हे खरं, पण बिजागरी पहिली गेली. ह्या पिना झिजून सुतळीएवढ्या झाल्यात, भोकं लांबुळकी झालीत, म्हणून झाकण डाव्या अंगाला लचकायलंय. अशा बिजागरीवर कोणती बी स्प्रिंग लावा, ती तुटणारच." हे एकदम म्हणले, "डाव्या अंगाला! बरोबर! सव्वीस वर्षं मला डाव्या अंगाला जड लागायचं!" अन् दोघं जुने दोस्त भेटल्यावाणी बोलत बसले, मी उसाच्या रसाच्या गाड्यावर.

दोन दिवस काम चाललं. बिजागऱ्या काढल्या, भोकं वेल्डिंगनं भरली, भरून पुन्हा गोल पाडली, ट्रॉलीच्या नव्या पिना घासून बसवल्या, ग्रीस भरलं. बिजागरी बिगर आवाजाची फिरली! ह्यायनी वीसदा फिरवून बघितली. राहिल्या स्प्रिंगा. सितारामनं डोकं खाजवलं, मागं पत्र्याच्या खोपीत गेला, अन् दोन स्प्रिंगा घेऊन आला… बाई गं! माझ्या मनगटाएवढ्या! मी म्हणलं, "दादा, ह्या कशाच्या?" म्हणला, "टॅक्टरच्या मोगड्याच्या! फणाला दगड लागला की फण मोडू नये म्हणून असतेत ह्या. अख्खं रान उलथंपालथं होतंय वहिनी, पण ह्या हालत न्हाईत." मी म्हणलं, "पण ती डिक्की हाय, रान न्हाई." दोघांनी माझ्याकडं बघितलंच न्हाई! "टेन्शनच घेऊ नका." कापून आखूड केल्या, बिजागरीला जोडल्या, सिताराम अन् त्याचे दोन गिऱ्हाईक, तिघांनी झाकण दाबून धरलं, खटका बसवला, अन् म्हणला, "घरी जाऊन निवांत उघडा."

निवांत! ऐका आता निवांत.

घरी आलो. गाडी अंगणात लावली. आमी आत पाणी प्यायला गेलो तेवढ्यात सासूबाईनी सवयीनं काय केलं, वाळत घातलेल्या सांडग्यांचं सूप उचललं अन् डिक्कीवर ठेवलं. मुगाचे सांडगे, दोन दिवसांचे, खडखडीत वाळलेले. हे बाहेर आले, सूप बघितलंच न्हाई, मला हाक मारली, "संघप्रियाची माय, ये, बघ, हात न लावता!" अन् खटका फिरवला…

धाडदिशी! अवं, डिक्की उघडली का तोफ सुटली! सूप गेलं उडत शेवग्याच्या झाडात, अन् सांडगे? सांडगे वर गेले, वरच गेले, आमी सगळे आ करून बघायलोत, अन् मंग खाली आले आबासाहेबाच्या पत्र्यावर. ताड ताड ताड ताड! आबासाहेब आत पेंगायलेत, त्यायचा हरभरा काढून रानात उघड्यावर पडलेला. ते धोतर सावरत बाहेर, "गारा! गारा पडायल्यात! हरभरा झाका रे, ताडपत्री आणा!" त्यायचे भाऊ पळायले, गडी मोटारसायकलला किक मारायला, अर्धी गल्ली आभाळाकडं बघायलीय, आभाळ निळंशार! आबासाहेबानं खाली वाकून एक गार उचलली, बघितली, हुंगली, तोंडात टाकली, अन् म्हणले, "मीठ बरोबर हाय."

मी हसून हसून खालीच बसले. सासूबाई पहिल्यांदा शिव्या द्यायल्या, मंग त्या बी हसायल्या, अन् हसता हसता एकदम थांबल्या अन् बोट दाखवलं. डिक्की उभी होती. सगळा राडा झाला, पण ती उभीच! अशी ताठ! ह्यायनी जवळ जाऊन दोन्ही हात मागं बांधले. मुद्दाम मागं बांधले. अन् बघत राहिले.

सितारामला फोन केला. तो आला, म्हणला, "थोडी ताकद ज्यादा झाली, टेन्शनच घेऊ नका," अन् दोन्ही बाजूला साखळ्या जोडल्या, म्हणजे डिक्की ठराविक उंचीवर जाऊन थांबंल, कुणाचं काही उडवणार न्हाई. आबासाहेब पटका आवळून आले, झाकणाला दोन्ही हातांनी लोंबकळले, पाय उचलले… हालली न्हाई! एवढा जड माणूस! म्हणले, "सिद्धोधनराव, माझी काठी मागं घेतो." झाला अबोला खतम. पोरीचं सामान तवाच भरून घेतलं, बंद करताना सिताराम अन् आबासाहेब दोघांनी वरून मिळून रेटलं, अन् खटका बसला. आनंदात कुणाचं ध्यान राहतंय तिकडं?

सोमवारी निघालो. हे गाडी चालवायला, संघप्रिया पुढं, मी अन् सासूबाई मागं, अन् आमच्याही मागं डिक्कीत दोन बॅगा, गादी, भांड्याची गोणी, कुकर, अन् उरलेले सांडगे. जिंतूर गेलं, येलदरी आली, गाडी हापिसाच्या पुढं थांबली. अँबॅसिडर बघून आत गडबड उडाली, कुणाला वाटलं मोठा साहेब आला, खिडकीत मुंडकी आली. अन् पायऱ्यावरून एक शिपाई पळत आला, अर्धे केस पिकलेले, छातीवर नाव, चंद्रभान. ह्यायनी उतरून खटका फिरवला, डिक्की वर निघाली, अन् त्या चंद्रभाननं, तुमाला खरं सांगते, कुणी काही म्हणायच्या आत पळत येऊन उजवा हात वर केला अन् झाकणाखाली धरला!

मी सासूबाईचा हात घट्ट धरला. हे हळूच म्हणले, "भाऊ, हात खाली घ्या."

"पडंल ना साहेब!"

"न्हाई पडत."

"साहेब, ही जुनी गाडी हाय, ह्याची डिक्की पडती, मला ठाव हाय."

"मला बी ठाव हाय. घ्या खाली."

चंद्रभाननं एक एक बोट काढलं. काढलं अन् वाट बघत राहिला. डिक्की उभी. त्यानं ह्यायच्याकडं बघितलं, ह्यायच्या त्या उजव्या खांद्याकडं बघितलं, अन् सगळं समजला. दोघं शिपाई त्या झाकणाकडं वर बघत उभे. माझ्या नवऱ्याचे डोळे भरले होते, अन् खोटं कशाला बोलू, माझेही. संघप्रियानं ओढणीनं तोंड पुसलं, अन् स्वतः गादी उचलून खांद्यावर घेतली. चंद्रभान म्हणला, "मॅडम, द्या मी," तर म्हणली, "काका, तुमी फक्त खोली दाखवा." माझी लेक! सांगते तुमाला, त्या वक्ताला मला कुणी राजवाडा दिला असता तरी मी तिकडं बघितलं नसतं!

सामान निघालं. पोरगी आत गेली, सही केली, बाहेर आली, अख्खं हापिस दारात उभं, सगळं कसं छान चाललं होतं… अन् हे डिक्की बंद करायला गेले.

दाबली. खाली येईना. दोन्ही हातांनी दाबली, चार बोटं खाली आली, पुन्हा वर! चपला काढल्या, लोंबकळले, शर्ट खोचलेला बाहेर आला, डिक्की ह्यायलाच घेऊन वर जायली. चंद्रभान पळत आला, "लावू का हात?"

"न्हाई! तुमी हात लावायचा न्हाई!"

संघप्रिया पुढं झाली. "तू साहेब हायस, तू बी न्हाई!" क्लार्क म्हणला, मी येतो. "कुणी यायचं न्हाई!" आता मला सांगा, शिपाई नको, साहेब नको, क्लार्क नको, मंग राहिलं कोण? सासूबाईचं वजन बत्तीस किलो, त्यायला बसवलं असतं तर त्या सांडग्यांच्या मागं गेल्या असत्या! ह्यायनी चौफेर बघितलं, अन् नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. मला लग्नात बी असं बघितलं नव्हतं हो ह्या माणसानं.

"संघप्रियाची माय… जरा ये ना."

नवं पैठणी काठाचं लुगडं, डोक्यात गजरा, दोघं मिळून झाकणाला लोंबकळलो, ते खाली आलं तशी सगळ्या हापिसासमोर मी पाठमोरी झाले, डोळे झाकले, अन् बसले. खट्! एका झटक्यात! हापिसानं टाळ्या वाजवल्या. चंद्रभान म्हणला, "वा बाई!" अन् आमचे हे… अवं, पोरीच्या ऑर्डरीच्या दिवशी हसले नव्हते असे हसले.

तवापासून तुमाला सांगते, तीस वर्षं झाली लग्नाला, ह्या माणसानं मला कदी कुठं नेलं न्हाई, माहेराला सुद्धा एस.टी.त बसवून द्यायचा! अन् आता? सेलूला सरकी आणायला, चल! पीठ दळून आणायला, चल! येलदरीला पोरीकडं तर दर रविवारी. आबासाहेबाचं हरभऱ्याचं पोतं मोंढ्यावर न्यायचं, त्यात माझं काय काम? चल! मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणले, "बाई, दहा किलो कमी करा," तर हे डॉक्टरवरच चिडले, म्हणले, "एक बी किलो कमी व्हायचं न्हाई!" अन् घरी येऊन मला तुपाची पोळी करून घातली, स्वतःच्या हातानं! गल्लीतल्या बाया जळायल्यात, म्हणतेत, "बाई सुकेशनी, ह्या वयात काय जीव लावायलेत गं तुला, एक मिनिट सोडून राहत न्हाईत!"

आता त्यायला काय सांगू? मी लाजल्यासारखं करते, पदर सावरते, अन् गुमान जाऊन डिक्कीवर बसते.